घरपट्टीच्या पैशातलं सॉफ्टवेअर कुणाचं?

मुक्त सॉफ्टवेअर बनवायला कराचा पैसा वापरावा का, असं विचारलं की समोरच्याच्या कपाळावर लगेच आठ्या पडतात. आणखी एक फुकट योजना, आणखी एक बोजा! मी जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रं भरून पोट भरणारा माणूस आहे, त्यामुळे या आठ्या मला रोजच्याच. पण सॉफ्टवेअरवर कराचा पैसा खर्च करायचा की नाही, हा निर्णय कधीच होऊन गेलाय. सातबारा ऑनलाइन निघतो, घरपट्टी मोबाइलवरून भरता येते, दिंडोरी-निफाडच्या ज्या बागांची द्राक्षं युरोपला जातात त्यांची नोंद अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर होते. हे काही आकाशातून पडलेलं नाही. वाद आहे तो एवढाच, की बिल चुकतं केल्यावर आपल्या हातात काय उरतं.

बहुतेक वेळा वापरायची परवानगी उरते, आणि तीही करार संपेपर्यंत. मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, उघडा असतो. ते कुणीही वापरावं, आत डोकावून बघावं, बदलावं आणि बदललेलं पुढे द्यावं. किंमत शून्य असणं ही निराळी गोष्ट. २०१९ मध्ये जीएसटी नेटवर्कने दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर विनामूल्य देऊ केलं होतं. व्यापाऱ्याचे पैसे वाचले हे खरं, पण ती सॉफ्टवेअरं खाजगी कंपन्यांची होती आणि कोड त्यांच्याकडेच राहिला. मी ज्याची बाजू मांडतोय ते हे नव्हे.

नाशिक जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत एका क्लायंटच्या थकबाकीसाठी गेलो होतो. कर विभागातल्या बाईंनी मालमत्ता क्रमांक टाकला, स्क्रीनवर मूळ कर आणि त्यावर दरमहा दोन टक्क्यांनी चढलेली शास्ती आली. तेव्हा अभय योजना चालू होती, शास्तीत सूट मिळणार होती. स्क्रीनवर सूट कुठेच नाही. बाईंनी खणातून कॅल्क्युलेटर काढला, सूट वजा केली, छापील पावतीवरचा आकडा पेनाने खोडला, नवा लिहिला आणि शेजारी सही ठोकली. मी विचारलं तर म्हणाल्या, "कंपनी बदलली ना, सर. जुने लोक फोन उचलत नाहीत, नवे म्हणतात आमचं काम एप्रिलपासून." मागे रांगेत पंधरा-वीस माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या पावतीवर हीच कसरत चाललेली. सूट द्यायचा निर्णय झालेला, पैसा गावाचा, आणि सूत्रातली एक ओळ बदलायचा अधिकार मात्र फोन न उचलणाऱ्या ठेकेदाराकडे! बरं, त्या खोडलेल्या पावत्यांवर पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघणार तो बाईंच्या नावावर.

हे एका गावापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. राज्यात २९ महापालिका आहेत. मुंबईचा १८८८ चा कायदा वेगळा. बाकी सगळ्यांना १९४९ चा एकच अधिनियम लागू. कुणी वार्षिक भाडेमूल्यावर कर लावतं, कुणी भांडवली मूल्यावर, म्हणजे पद्धती दोन. नगरपरिषदा आणि नगरपंचायती तर शेकड्यांनी. तरी अनेक ठिकाणी आपापली निविदा, आपापला ठेकेदार आणि तेच हिशेब पुन्हा पहिल्यापासून. त्याच एका गणितासाठी नाशिककराने द्यायचे, मालेगावकराने द्यायचे आणि धुळेकरानेही. एकदा पैसे देऊन ते सॉफ्टवेअर मुक्त केलं असतं तर बाकीच्यांना आपल्यापुरती डागडुजी करून वापरता आलं असतं. हे स्वप्नरंजन नव्हे. बंगळुरूच्या ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनचं 'डिजिट' हे पालिकांसाठीचं सॉफ्टवेअर मुक्त आहे आणि पंजाबातली शहरं ते वापरत आली आहेत.

याहून लहान संस्थेनेही हे केलंय. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या आडवळणाच्या जिल्ह्यातल्या ग्रंथालय न्यासाची जुनी संगणक व्यवस्था २००० साल उजाडताच कोलमडणार होती. बाजारातलं नवं सॉफ्टवेअर परवडेना. म्हणून त्यांनी एका छोट्या कंपनीला पैसे देऊन स्वतःसाठी एक बनवून घेतलं आणि जगाला देऊन टाकलं. तेच 'कोहा'. आज भारतातल्या कितीतरी विद्यापीठांची ग्रंथालयं कोहावर चालतात. तिथल्या करदात्याचं यात नुकसान काय झालं? पुढच्या पंचवीस वर्षांत जगभरच्या ग्रंथालयांनी घातलेली भर त्याला आयती मिळाली.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझा एक क्लायंट आहे, लेथ आणि मिलिंगचं जॉबवर्क करतो. त्याच्यापुढे हा विषय काढला तर तो उसळलाच. "म्हणजे मी इथे अठरा टक्के भरायचे आणि फुकट वापरणार अमेरिकेतला गोरा?" आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. एकाने राबायचं आणि दुसऱ्याने आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं, हे कुणाला आवडेल? पण त्याच्याच धंद्यातली एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. जुन्या मशीनवर नवा कंट्रोलर बसवून देणारे जे कारागीर असतात, त्यांच्यातले काही लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. त्याचं मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने नव्वदच्या दशकात बनवलेल्या कंट्रोलरमध्ये आहे. संस्था सरकारी, पैसा तिथल्या करदात्याचा, आणि तिथल्या कायद्याने संघ सरकारच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या कामावर स्वामित्वहक्क नाही, म्हणून ते सगळ्यांना खुलं झालं. तेव्हा आजवर आयतं मिळवणारे कोण, तर आपण. वर्ल्ड वाइड वेबसुद्धा युरोपीय देशांच्या करावर चालणाऱ्या सर्न या प्रयोगशाळेत तयार झालं आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने त्यावरचा हक्क सोडला. तो सोडला नसता तर जीएसटीचं पोर्टल कशावर उघडलं असतं कोण जाणे. ('पोर्टल उघडतं' हे विधान विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी, २० तारखेला, संध्याकाळी करायला मी धजणार नाही, हा भाग वेगळा.)

क्लायंटचं समाधान झालं नाही. तो म्हणाला, "त्यांनी दिलं ते त्यांचं, आपण कशाला द्यायचं?" त्याला द्यायला माझ्याकडे परोपकाराचं उत्तर नाही, व्यवहाराचं आहे. आपल्याला लागतं ते सगळंच काही बाहेरचे बनवून देणार नाहीत. मराठीपुरतं बघा. नव्वदच्या दशकात मराठी टंकलेखनाची प्रत्येक कंपनीची सांकेतिक पद्धत निराळी होती. एका फाँटात केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हांची खिचडी. सी-डॅकसारखी सरकारी संस्थाही तेव्हा आपलं मराठीचं सॉफ्टवेअर परवान्याने विकत होती. त्या काळातले कित्येक दस्तऐवज आजही रूपांतर केल्याशिवाय वाचता येत नाहीत, आणि ते रूपांतर म्हणजे जोडाक्षरांची जी काही दैना होते ती ज्याने केलंय त्यालाच माहीत.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' हा युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या सांकेतिक पद्धतीचा, फाँट तयार करवून घेतला आणि मुक्त परवान्याखाली दिला. पुढे आयआयटी मुंबईतल्या मंडळींना संस्कृत ग्रंथांच्या शास्त्रीय छपाईसाठी देवनागरी फाँट हवा होता. त्यांनी यशोमुद्राची अक्षरं घेतली, त्यांना रोमन आणि सिरिलिक अक्षरांची जोड दिली, आणि 'शोभिका' तयार झाला. तोही मुक्त. कुणाची परवानगी नाही, करारनामा नाही, मंत्रालयात खेटे नाहीत. मराठीसाठी खर्चलेला कराचा पैसा एकदाच खर्च झाला आणि दोनदा फळला. आठ कोटींहून जास्त लोकांच्या भाषेसाठी शुद्धलेखन तपासणारं चांगलं साधन, जुनी छापील पुस्तकं ओळखून मजकुरात आणणारं साधन, आवाजावरून टंकणारं साधन, ही कामं बाजार करीलही, पण त्याच्या सोयीने आणि त्याच्या अटींवर. तिथे सरकारने पैसा घालायलाच हवा असं माझं मत आहे.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त अवघड वाटते. सरकारने बनवलेलं सॉफ्टवेअर चांगलं असतं का? सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही लिनक्सवर, म्हणजे विंडोजला पर्याय असलेल्या मुक्त प्रणालीवर, बेतलेली भारतीय प्रणाली आणली. नाव जोरदार. पण नाशिकच्या कुठल्याही सरकारी कार्यालयात जाऊन किती टेबलांवर ती दिसते बघा. माझ्या मते चूक तंत्रात नव्हती. कार्यालयातला लेखा-लिपिक जे प्रोग्राम दिवसभर वापरतो ते विंडोजवरच चालणारे. त्याला नुसती नवी प्रणाली देऊन काय उपयोग? केरळने शाळांत उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी शिक्षक तयार केले, पाठ्यपुस्तकं मुक्त सॉफ्टवेअरवर बेतली, मल्याळमच्या फाँटांवर स्वयंसेवकांचा गट झटत होताच. तिथल्या सरकारी शाळांत लिनक्स मुरलं ते म्हणून.

२०१५ मध्ये केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण जाहीर केलं, त्याच वर्षी सरकारी ॲप्लिकेशनांचा कोड खुला करायचंही धोरण आलं. कागद उत्तम आहेत. पण आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० ला आलं ते कोड बंद ठेवूनच. ओरड झाली तेव्हा २६ मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीचा कोड उघडला. धोरण असूनही लोकांनी मागेपर्यंत काही हललं नाही.

आणि तरीही मला सगळ्यात मोठी अडचण निर्मितीत दिसत नाही. नवं काही बनवायला पैसा मिळतो, कारण नव्याचं उद्घाटन होतं, फीत कापता येते, फोटो येतो. बनवलेलं सांभाळायला कुणी देत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' ही फट सापडली. जगातल्या बँका, दुकानं, सरकारं ज्याच्या भरवशावर गुप्त माहिती पाठवत होती, त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, 'एक्सझेड' या फाइली आवळणाऱ्या छोट्याशा साधनात मुद्दाम ठेवलेली चोरवाट सापडली. ते साधन एकच थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. 'जिया टॅन' नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं इमाने इतबारे काम करून विश्वास कमावला आणि मग विष कालवलं. सापडलं तेही योगायोगाने: आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा का होतंय, याची चुटपुट लागली म्हणून. त्या माणसाने 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिलं असतं तर?

जर्मनीने २०२२ मध्ये यासाठीच सरकारी निधी उभा केला, 'सॉव्हरिन टेक फंड', ज्यातून अशा पायाभूत मुक्त प्रकल्पांच्या देखभालीला पैसे जातात. भारतात २०२४ मध्ये झेरोधा या शेअर दलाली पेढीने मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एका दलाली पेढीला जे कळतं ते सरकारला कळू नये, याचं नवल वाटतं.

सरकारने पैसे द्यावेत, पण कारभार खात्याच्या ताब्यात ठेवू नये, असं मी म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वाघाड असतं. दिंडोरी तालुक्यातलं हे धरण सरकारने आपल्या पैशातून बांधलं, पाट काढले. पण शेपटाकडच्या ओझरच्या शेतकऱ्याला पाणी पोचेना. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या, आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप आणि पाणीपट्टीची वसुली संस्थांच्या हाती आली. २००५ मध्ये राज्याने यासाठी कायदाही केला. भांडवल कराचं, रोजची निगा वापरणाऱ्याची, आणि निगेसाठी ठरलेला पैसा दरवर्षी. पालिकांच्या सॉफ्टवेअरला नेमकी हीच रचना लागते: पाच-दहा पालिकांनी मिळून एक संस्था काढावी, कोड तिच्याकडे राहावा, आणि प्रत्येकीने घरपट्टीच्या वसुलीतून ठरावीक वाटा तिला द्यावा. वाघाडला सगळं गोड गोड झालं असं नव्हे. पाण्याच्या पाळीवरून तिथेही डोकी तापतात. कोडवरूनही तापतील.

मग अडतं कुठे? माझ्या धंद्यामुळे मला उत्तर दिसतं, आणि ते तंत्रात नाही. ते लेखापरीक्षणात आहे. समजा एका पालिकेने एखाद्या मुक्त प्रकल्पाला देखभालीसाठी दोन लाख दिले. लेखापरीक्षक विचारणार: वस्तू कुठे आहे? डेडस्टॉक रजिस्टरला नोंद कुठे? तीन दरपत्रकं कुठे? आणि शेवटी हमखास, "जे इंटरनेटवर फुकट मिळतं त्याला पैसे का दिले?" या प्रश्नापुढे कुठला मुख्याधिकारी उभा राहील? त्यापेक्षा वीस लाखांचा परवाना विकत घेतलेला बरा, त्याचं निदान बीजक तरी फाइलला लागतं. म्हणून आधी एक लेखाशीर्ष हवं, 'मुक्त सॉफ्टवेअर देखभाल' असं साधं सरळ, आणि त्यासोबत उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना. किती दुरुस्त्या झाल्या, कुठल्या फटी बुजवल्या, हे मुक्त प्रकल्पात तारीखवार उघड्यावर लिहिलेलंच असतं. लेखापरीक्षकाला याहून चोख कागद कुठल्या ठेकेदाराने कधी दिलाय?

नाशिकच्या छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांचं काय, असंही विचारतात. त्यांचं आज काय चाललंय ते आधी बघू. निविदेत गेल्या तीन वर्षांच्या उलाढालीची अट असते. ती इथल्या पाच माणसांच्या ऑफिसला झेपत नाही. काम पुण्या-मुंबईच्या किंवा त्याहून दूरच्या कंपनीला जातं, आणि आपल्या कॉलेजांतून बाहेर पडलेली पोरं हिंजवडीला खोली शोधतात. कोड उघडा असेल तर बसवणं, बदलणं, शिकवणं, जुना डेटा आणणं ही कामं इथल्या माणसालाही मिळू शकतात. एकच सॉफ्टवेअर दहा गावांना विकून जो जगतो त्याला मात्र हे जड जाईल. ते नाकारण्यात अर्थ नाही.

नाशिकला ही संधी आत्ता आहे, कारण सिंहस्थ तोंडावर आलाय. २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. गर्दीचं गणित चुकलं तर काय होतं हे या शहराला सांगायची गरज नाही. २०१५ च्या कुंभात इथल्याच शाळकरी मुलांनी केलेली, पावलं मोजणारी चटई वापरून पाहिली होती. त्यानंतर २०१६ ला उज्जैन, २०१९ ला प्रयागराजचा अर्धकुंभ, २०२१ ला हरिद्वार, २०२५ ला पुन्हा प्रयागराज. प्रश्न सगळीकडे तेच: किती माणसं आली, कुठला रस्ता बंद करायचा, हरवलेलं म्हातारं माणूस कुणाच्या ताब्यात आहे. बारा वर्षांनी त्याच गावात कुंभ भरतो. तेवढ्यात ठेकेदार कंपनी राहील की नाही, कुणी सांगावं? कुंभासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर मुक्त असायला याहून सबळ कारण मला सुचत नाही. आपली मुख्य स्नानं आटोपली की २०२८ ला उज्जैनला सिंहस्थ आहे. आपण उघडं ठेवलेलं ते वापरतील, सुधारतील, आणि पुढच्या खेपेला ते आपल्याकडे परत येईल. सुरक्षेचं कारण पुढे केलं जाईल. कॅमेरे कुठे लावले, पासवर्ड काय, भाविकांची नावं काय, हे उघडं करा असं कुणीच म्हणत नाही. माणसं मोजायचा कोड आणि मोजलेली माहिती या दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या ठेवता येतात.

२०२५ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन झालं. माझी मागणी त्यांच्याकडे आहे आणि ती निविदेतल्या दोन कलमांची आहे. एक, या पैशातून लिहिलेला प्रत्येक कोड मुक्त परवान्याखाली, काम चालू असतानाच, रोजच्या रोज सार्वजनिक ठिकाणी ठेवावा. मेळा संपल्यावर सीडी जमा करायची पद्धत नको. दोन, कंत्राटाच्या रकमेचा शंभरावा भाग त्या सॉफ्टवेअरमध्ये वापरलेल्या मुक्त प्रकल्पांच्या देखभालीला जावा, आणि तो कुणाला गेला ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसावं. ही कलमं निविदेच्या मसुद्यातच यायला हवीत. कार्यादेश निघाल्यावर ठेकेदार ती मान्य करणार नाही, आणि कायद्याने त्याचंच बरोबर असेल.